साकु

कलशेट्टीबाई रागावल्या तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. त्या व्याकरण काढायच्या. वर्गात पोरींनी धुमाकूळ घातलेला असला की दारात उभ्या राहून एवढंच विचारायच्या, "या गोंधळातला कर्ता कोण आहे?" झालं, पोरी चिडीचूप. सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि मी गणित. मी माळशिरसकडची. पहिल्याच दिवशी शिक्षकखोलीत त्यांनी काहीतरी विचारलं आणि मी म्हटलं, "व्हय बाई." चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "सुमनबाई, 'व्हय' माळशिरसला ठेवून यायचं. इथे 'हो'." मला असा राग आला म्हणता! संध्याकाळी घरी नवऱ्यापुढे मुद्दाम 'व्हय, व्हय' करत बसले. पण शाळेत पुन्हा माझ्या तोंडून व्हय गेलं नाही.

आणि याच बाईंनी मला राहायला खोली मिळवून दिली, त्या राहत होत्या त्याच आवारात. मालकाकडे स्वतः जाऊन शब्द टाकला. त्यांचं असंच असायचं. काम करायच्या, पण त्याबद्दल कुणी चार गोड शब्द बोलायला गेलं की "बरं, बरं" म्हणून वाटेला लावायच्या. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ वारला होता. बार्शीला वहिनी होती, तिच्याकडे दिवाळीला जाऊन यायच्या, तेवढंच. त्यांच्या खोलीवर पाहुणा असा मी कधी बघितला नाही.

साडी सुती, पांढरी, बारीक काठाची, आणि तिला खळ. आमचं गिरण्यांचं गाव, खळीचं आम्हाला काय कौतुक! पण बाईंच्या साडीइतकी कडक साडी सबंध गावात नसेल. बाई यायच्या आधी साडीचा आवाज यायचा. शाळेच्या कारकुनानं एकदा त्यांना मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती लाल शाईनं तपासून परत केली, सोबत मुलीला आहेराचं लुगडंही दिलं. कारकून बिचारा मला विचारत होता, "आता यांना लग्नाला बोलवायचं की फेरपरीक्षेला?"

बहात्तरच्या दुष्काळात नळाचं पाणी इतकं बारीक झालं की मालकानं अंगणात खड्डा खणून तोटी खाली उतरवली. तोटी वर असली की नुसती हवा फुसफुसायची, खाली नेली की पाणी यायचं. तेव्हा सोलापुरात घरोघरी असे खड्डे झाले होते. दुष्काळ सरला, खड्डा राहिला. दगडी पायऱ्या उतरायच्या, वाकून घागर लावायची, भरली की वर उभी असेल तिच्या हातात द्यायची. आवारातल्या बायकांची भांडणं, चेष्टा, रडणं, सगळं त्या खड्ड्यात चालायचं. बाई तेवढ्या कधी खाली उतरल्या नाहीत. घागर काठावर ठेवायच्या आणि आपल्या दारात उभ्या राहायच्या. त्यांची घागर शिवव्वा भरून द्यायची.

शिवव्वा शेवटच्या खोलीत राहायची. नवरा गेलेला, मुलगा श्रीपूरला कारखान्यात कामाला. ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून ती विकायची. मूळची अक्कलकोटच्या पलीकडची, घरची भाषा कानडी. मराठी बोलायची, पण आपल्या मनाला येईल तशी. सकाळी नळ फुसफुसला की हिची आरोळी, "पाणी आली! पाणी आली!"

बाई दारातून म्हणायच्या, "शिवव्वाबाई, पाणी आलं. नपुंसकलिंग."

"आली काय नि आलं काय, भरून घ्या की वो बाई! तेचं लिंग बघत बसला तर निघून जाती ती."

हे रोजचं. आम्हा बाकीच्यांना फुकटची करमणूक. बाईंच्या कपाळाला मात्र खरोखरीची आठी पडायची. एवढ्याशा चुकीचं त्यांना इतकं का लागतं, हे मला काही केल्या कळायचं नाही.

मग एका दुपारी वर्गात शुद्धलेखन घालताना बाई थांबल्या. पुढचा शब्द सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच येईना. पोरींना वाटलं बाई मुद्दाम थांबल्यात. पोरी पेन धरून वाट बघत बसल्या. बाईंच्या हातातला खडू पडला आणि पाठोपाठ बाई.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतंय सगळं, पण शब्द सापडत नाहीत. सापडतील, नाही सापडणार, आत्ता सांगता येत नाही." बार्शीची वहिनी येऊन राहिली आणि तिच्या घरच्या अडचणीमुळे परत गेली. मग आम्ही शाळेतल्या बायकांनी पाळ्या लावल्या. खरं सांगायचं तर आम्हाला त्यांची भीतीच वाटायची. अशा माणसाचं तोंड पुसायचं, वेणी घालायची, म्हणजे काय करायचं ते कळायचं नाही. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या आणि आम्ही त्यांच्या पाठीशी बोलायचो.

एका सकाळी माझी पाळी होती. मी चमच्यानं दूध पाजत होते. बाईंनी तोंड फिरवलं आणि घशातून शब्द आला, "सा... साकु."

मला आनंदानं रडूच फुटलं. बोलल्या! साखर मागताहेत! मी घाईघाईनं दुधात साखर घातली. "साकु!" आणखी घातली. "साकु, साकु!" बाई डाव्या हातानं वाटी ढकलायला लागल्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी आपली "घालते की बाई, घालते" म्हणत डबाच उपडा करायच्या बेतात. तेवढ्यात शिवव्वा भाकरी घेऊन दारात आली.

"वो सुमनताई, काय करायल्यात? साकु म्हणायल्यात त्या! साकु म्हणजे बास! पुरे!"

एवढं बोलली आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. भाकरी तिथंच ठेवून ती बाईंच्या तोंडाजवळ वाकली. "अव्वा! बाई, तुमी आमच्यातल्या? कानडी?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग मान हळूच हलली. शिवव्वा त्यांच्या कपाळावरून हात फिरवत एकच शब्द म्हणत राहिली, "अळबेड, अळबेड." रडू नको, असा त्याचा अर्थ, हे तिनं मला मागाहून सांगितलं. मी गोड गिट्ट दुधाची वाटी हातात धरून तशीच उभी होते.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं कधीकधी. नंतर शिकलेलं जातं आणि लहानपणीचं राहतं. बाईंची मराठी, ती सगळी जरबेची, काना-मात्रेसकट तोललेली मराठी गेली होती, आणि तिच्याखाली त्यांनी दाबून ठेवलेली कानडी जिवंत होती. रोज थोडी थोडी ती वर यायला लागली. शिवव्वा दुपारची भाकऱ्या उरकून त्यांच्या खाटेवर येऊन बसायची. तिच्याकडूनच मला सगळं कळलं, तिच्या त्या मराठीत.

"नागव्वा हिचं नाव. नलिनी हिनं मागून केलं. ल्हान होती, खेड्यातनं हितं शाळंत आणून घातली. खिडकीतनं नळ दिसला, तर उठून म्हणाली, बाई, पाणी आली. सगळी शाळा हसली की! मग तिला तेच नाव पडलं, पाणी आली. ए पाणी आली, हिकडं ये. ए पाणी आली, पाटी दाखव. तवापासनं हिनं कानडी टाकली बघा. घरात आईसंगट बी मराठीच. आईला मराठी येत न्हवती. मरताना आई म्हणली, नागी, बा. म्हणजे ये, जवळ ये. तर ही मराठीत काय तर बोलली. आईला काय कळलं असंल? तेच लागून ऱ्हायलंय तिला."

बाई उशीला टेकून ऐकत होत्या. शिवव्वाच्या त्या सांगण्यात चुका किती होत्या! बाईंनी एकही दुरुस्त केली नाही. नुसती तिच्या लुगड्याचा काठ बोटांत धरून होत्या.

त्यानंतरचे महिने मला अजून आठवतात. बाईंच्या साड्या धुवायचं काम शिवव्वानं आपल्याकडे घेतलं आणि पहिल्या धडाक्यात खळ बंद केली. "आजारी माणसाला टोचती," म्हणाली. मऊ साडीतल्या बाई ओळखू यायच्या नाहीत. त्या शिवव्वाला अक्का म्हणायच्या आणि शिवव्वा त्यांना नागी. एका सकाळी दार उघडून बघते तर बाई खड्ड्यात! शिवव्वानं काखेत हात घालून त्यांना खाली उतरवलेलं. खालच्या पायरीवर बसून त्यांनी तोटीखाली डावा हात धरला होता आणि त्या हसत होत्या. बाईंचे दात मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. मग त्यांना रोजचं काम मिळालं. घागर भरत आली की "साकु" म्हणायचं, की शिवव्वा तोटी बंद करणार.

ज्या बायका बाईंच्या दारावरून पदर सावरून जायच्या, त्या आता आत येऊन बसायला लागल्या. समोर नरसम्मा राहायची, मागावर कापड विणणाऱ्याची बायको, तेलुगू. तिचं तान्हं मूल गेलं होतं. तेव्हा तिच्या तोंडातून चकार शब्द निघाला नव्हता. ती येऊन बाईंचा लुळा हात मांडीवर घ्यायची आणि तेलुगूत बोलत बोलत रडायची. बाई तिच्याकडे बघत ऐकायच्या. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, बाईंना तेलुगू कुठं कळतं?" तर म्हणाली, "म्हणूनच की."

त्याच सुमाराला माझा नवरा मला एका व्याख्यानाला घेऊन गेला. विषय होता चीनमधला ताओ विचार. वक्ते पुण्याहून आलेले, फार विद्वान. ते सांगत होते, की पाणी जोर करत नाही, वरच्या जागेसाठी भांडत नाही, सखल जागेला जातं आणि म्हणून सगळं त्याच्याकडे वाहून येतं. जे मऊ आहे ते जिवंत आहे, ताठ होणं ही मरणाची सुरुवात. लोक माना डोलवत होते. मी नवऱ्याच्या कानात म्हटलं, "अहो, हे ऐकायला चीनपर्यंत कशाला जायचं? आपल्या अंगणातला नळ दाखवला असता की यांना!" तो म्हणाला, गप ऐक. पण त्या रात्री मला उगीचच बरं वाटत होतं. आमच्या आवारात काहीतरी चांगलं चाललंय, एवढं मला उमगलं होतं.

पण चांगलं चाललंय म्हणून गप्प बसतील त्या शिक्षिका कसल्या? आम्हाला बाईंना बरं करायचं होतं, आणि बरं म्हणजे मराठी. आम्ही पहिलीची चित्रं आणली, बाराखडीचे तक्ते भिंतीला लावले. "बाई, हे काय? म्हणा, कमळ." मुली पाळीपाळीनं येऊन त्यांच्यापुढे धडे वाचायच्या. आणि खोटं कशाला बोलू, बाईंनाही ते हवं होतं. शाळेत परत जायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. घाम फुटेपर्यंत त्या एकेक अक्षर ओढून काढायच्या. शिवव्वा कोपऱ्यात बसून कौतुकानं बघायची. तीही आमच्याबरोबर म्हणायची, "कमळ म्हण की नागी, कमळ!"

एके दिवशी शिपाईमामा निरोप घेऊन आले आणि म्हणाले, "बाई हाय का बऱ्या?" बाई हळूहळू पण स्पष्ट म्हणाल्या, "'हाय' नव्हे. 'आहेत'." सबंध वाक्य नव्हतं, पण काय आनंद झाला! शाळेत पेढे वाटले. शिवव्वानं आवारात घरोघरी गूळ वाटला. त्या दिवशी सर्वांत जास्त आनंद तिलाच झाला होता.

मराठी आली तशी भराभर आली. पाय थोडा ओढत, काठी घेऊन बाई चालायला लागल्या. एक दिवस शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मंडळाचे दोघे सदस्य त्यांना भेटायला आले. जूनपासून रुजू होता येईल का, तेच बघायला. बाईंनी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी खळीची साडी नेसली. बोलणं चांगलं चाललं होतं. मी चहा देत होते. तेवढ्यात शिवव्वा रोजच्यासारखी आत आली, पिठाच्या हातानंच खाटेवर टेकली आणि म्हणाली, "ऊटा आतेन, नागी?"

जेवलीस का, एवढंच विचारलं होतं तिनं. सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. त्यातल्या एकानं हसून विचारलं, "नागी?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या म्हणाल्या, "माझं जेवण झालं आहे, शिवव्वाबाई. तुम्ही नंतर या."

शिवव्वाला मराठी कमी येत असेल, पण हे तिला कळलं. ती उठली. खाटेवर तिच्या हाताचं पीठ लागलं होतं ते पदरानं पुसून घेतलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ फुसफुसला. मी दारात होते, बाईही त्यांच्या दारात होत्या. खड्ड्यातून शिवव्वाची हाक आली. नेहमीची आरोळी नाही, साध्या आवाजात.

"बाई, पाणी आलं."

अगदी शुद्ध. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाईंचं तोंड अर्धवट उघडलं आणि तसंच मिटलं. घागर भरून काठावर आली आणि शिवव्वा आपल्या खोलीत गेली.

त्यानंतर ती तशीच वागली. भांडली नाही, रुसली नाही, काम चुकवलं नाही. फक्त कानडीतला एक शब्द बाईंपुढे काढला नाही. बाई जूनमध्ये शाळेत रुजू झाल्या. साडीचा आवाज परत आला, पोरी परत चिडीचूप झाल्या. नरसम्माही यायची बंद झाली. बाईंना आता बोलता येत होतं ना! एका संध्याकाळी बाई मला आपणहून म्हणाल्या, "सुमनबाई, मला बरं व्हायची फार घाई झाली." मी म्हटलं, "जाऊन बोला की शिवव्वाशी." त्या म्हणाल्या, "तिच्या दारापर्यंत जाते. मराठीत क्षमा मागता येते मला, पण ती तिला नको आहे. आणि दुसरं तोंडात येतं आणि... ती सगळी शाळा हसायला लागते." मला आधी वाटलं, त्या आत्ताच्या शाळेबद्दल बोलताहेत. मग कळलं, कुठली शाळा ते.

अशात शिवव्वाचा मुलगा श्रीपूरहून आला. सून बाळंतपणाला टेकलेली, आईला कायमचं घेऊन जायचं म्हणाला. सगळं आवार टांग्यापाशी जमलं. नरसम्मा गळ्यात पडून रडली, मीही रडले. बाई काठी टेकत आल्या. शिवव्वा त्यांच्यापुढे उभी राहिली आणि वाट बघत राहिली. आम्हा सगळ्यांना कळत होतं ती कशाची वाट बघतेय. एका शब्दाची. तो कसलाही चालला असता, चुकीचा, तोतरा, अर्धा.

बाई म्हणाल्या, "सुखरूप जा. प्रकृतीला जपा."

शिवव्वानं मान डोलावली. बाईंच्या पदराचं टोक बोटांत धरून बघितलं आणि म्हणाली, "खळ लई झाली बघा, बाई." मग टांग्यात चढली. टांगा कोपऱ्यावर वळेपर्यंत बाई तिथंच होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मी अगदी शेजारी होते, पण मला काही ऐकू आलं नाही.

पुढं वर्षभरातच नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही सोलापूर सोडलं. बाईंना नंतर मी बघितलं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या येतात त्या वर्गातल्या नव्हेत. शिवव्वा गेल्यानंतरची एक सकाळ होती. नळ फुसफुसायला लागला म्हणून मी घागर घेऊन बाहेर आले, तर बाई माझ्या आधीच खड्ड्यात. कशा उतरल्या असतील देव जाणे, काठी वर पडलेली. तोटीखाली घागर भरून वाहत होती, खळीची साडी भिजून अंगाला चिकटली होती. आणि बाई शेवटच्या खोलीकडे तोंड करून, तिथल्या कुलपाकडे बघत, मोठ्यानं हाक मारत होत्या. त्यांचा आवाज चढलेला मी आयुष्यात तेवढाच ऐकला.

"अक्का! पाणी आली! पाणी आली, अक्का!"

शाळेची सवय वाईट. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, आलं."

त्यांनी वर बघितलं. डोळे पुसायचाही प्रयत्न केला नाही.

"हो गं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."